पाळणाघरातल्या ताईंनी बोलायला हवं

पाळणाघरात किंवा बालवाडीत मुलं सांभाळणाऱ्या बहुतेक ताईंना कधी ना कधी एखाद्या मुलाबद्दल वाटून गेलेलं असतं, की याचं काहीतरी वेगळं आहे. हाक मारली तरी वळत नाही. बाकीची मुलं गोल करून बसली की हे दाराच्या कडीशी खेळत उभं. शेजारचं मूल पडून रडायला लागलं तरी याची मान वर होत नाही. ताई हे आपसात बोलतात, कधी मुख्य बाईंच्या कानावर घालतात. संध्याकाळी आई-बाबा आले की मात्र "आज छान खेळला" एवढंच सांगितलं जातं. ही चुप्पी मोडायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आणि ती मोडण्याचा भार एकट्या ताईंच्या धाडसावर टाकून चालणार नाही. मूल किती जेवलं, किती झोपलं हे सांगणं जसं कामात धरलेलं असतं, तसंच त्याच्या वागण्यात काय दिसलं हे सांगणंही पाळणाघराच्या कामात धरलं गेलं पाहिजे.

अशा वागण्यामागे कधी ऑटिझम असू शकतो, म्हणजे माणसांशी संवाद साधण्याची आणि जग अनुभवण्याची मुलाची मुळातच वेगळी घडण. त्याचं निदान ताईंनी करावं, असं मी म्हणत नाही. ते बालविकासतज्ज्ञांनी, बालमानसोपचारतज्ज्ञांनी, मानसतज्ज्ञांनी करायचं, मुलाला निवांत पाहून आणि जन्मापासूनची सगळी हकिकत ऐकून. ऑटिझम रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसत नाही; तो वागण्यावरूनच ओळखावा लागतो. म्हणूनच मुलाचं वागणं दिवसाचे सात-आठ तास बघणाऱ्या माणसाच्या शब्दाला मोल आहे. दवाखान्यातल्या अनोळखी खोलीत बुजलेलं मूल अर्ध्या तासात जे दाखवेल, त्याहून कितीतरी जास्त ताईंनी पाहिलेलं असतं.

घरात लक्षात न आलेलं पाळणाघरात का लक्षात येतं, याला कारण आहे. घरी मोठी माणसं मुलाच्या वाटचं अर्धं संभाषण नकळत स्वतःच करत असतात. त्याला तहान कधी लागते हे आईला ठाऊक असतं, पेला आधीच पुढे येतो. कोणती गाडी हवी, कोणत्या आवाजाने दचकतो, काय केलं की झोपतो, सगळं घराला पाठ असतं. यात चूक काहीच नाही. प्रेमाच्या घरात असंच होतं. पण त्यामुळे मुलाला मागावं लागत नाही, आणि मागता येत नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यात घरात एकच मूल असेल तर तुलनेलाही कोणी नसतं. पाळणाघरात त्याच वयाची आठ-दहा मुलं शेजारी असतात. फुगा फुटला की बाकीची मुलं आधी फुग्याकडे बघतात आणि लगेच ताईंच्या तोंडाकडे. घाबरायचं की हसायचं, हे त्यांना तिथून ठरवायचं असतं. एखादं मूल बघत नाही. आज नाही, उद्या नाही, पुढच्या आठवड्यातही नाही.

1994 मध्ये ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन या संशोधकांनी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या होत्या. त्यातल्या 11 मुलांना पुढे ऑटिझमचं निदान झालेलं होतं, 11 मुलांची वाढ सर्वसाधारण होती. माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं, हातातली वस्तू दुसऱ्याला दाखवणं, बोट करणं आणि नावाने हाक मारल्यावर वळणं, एवढ्या गोष्टींत या दोन गटांतला फरक वर्षाच्या वयातही दिसत होता. त्या चित्रफिती घरच्यांनीच काढलेल्या होत्या. सगळं समोर घडत होतं. त्यात काय बघायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

काय बघायचं, असं मला कोणी ताईंनी विचारलं तर मी आधी बोटाबद्दल सांगेन. दीड वर्षाचं मूल दोन कारणांनी बोट करतं. एक, हवं ते मिळवायला: वरच्या फळीवरचा चेंडू. दुसरं, नुसतं दाखवायला: खिडकीबाहेरून कुत्रा गेला, मूल बोट करतं, वळून तुमच्या डोळ्यांत बघतं, पुन्हा कुत्र्याकडे बघतं. कुत्रा त्याला नको असतो. आपण पाहिलं ते तुम्हीही पाहावं, एवढंच त्याला हवं असतं. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांत मागण्यासाठीचं बोट उशिरा का होईना येतं, दाखवण्यासाठीचं येत नाही किंवा फार क्वचित येतं. बोट करण्याऐवजी मूल ताईंचं मनगट धरतं, ओढत कपाटाशी नेतं, त्यांचा हात डब्याच्या झाकणावर ठेवतं आणि थांबतं. नजर झाकणावर. ताईंच्या चेहऱ्याकडे एकदाही जात नाही, जणू हात कोणा माणसाचा नाहीच. 1992 मध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड वर्षाच्या मुलांसाठी एक छोटी चाळणी, म्हणजे लक्षणं हेरणारी प्राथमिक तपासणी, वापरून पाहिली, तिच्यात दाखवण्यासाठी बोट करणं, दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेणं आणि लुटुपुटीचा खेळ या गोष्टींना मुख्य जागा होती. तिच्यातूनच पुढे 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठीची, पालकांनी भरायची 'एम-चॅट' ही प्रश्नावली आली. तिच्या आजच्या रूपात 20 प्रश्न आहेत.

त्याहून मोठ्या, तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत खेळाकडे नीट बघावं. या वयाची मुलं रिकाम्या पेल्यातून पाणी पितात, बाहुलीला थोपटतात, ठोकळा कानाला लावून फोनवर बोलतात. एखादं मूल यातलं काहीच करत नाही. गाडी उलटी करून जमिनीवर गाल टेकवतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून चाक फिरताना बघत राहतं. गाडी कुठे जात नाही, तिच्यात कोणी बसत नाही. ठोकळ्यांची रांग लावतं आणि कोणी एक जरी हलवला तरी जीव गेल्यासारखं ओरडतं. रोजची चटई बदलली, मैदानावर जायचा रस्ता बदलला, तरी तसंच. बोलणारं मूल असेल तर त्याचं बोलणं ऐकावं. तहान लागल्यावर ते "तुला पाणी हवंय?" असं म्हणतं, कारण पाणी मिळण्याआधी ते वाक्य त्याने नेहमी ऐकलेलं असतं. लोकांना हा पोपटपंचीचा प्रकार वाटतो. नीट ऐकलं तर ती त्याची मागणी असते, त्याला सापडलेल्या एकुलत्या एका वाक्यात केलेली. काही मुलांना शिट्टीचा किंवा टाळ्यांचा आवाज असह्य होतो, काहींना हाताला लागलेला डिंक. काही मुलांना पडल्या-झडल्याचं दुखणं फारसं जाणवतच नाही असं वाटतं. 2013 पासून निदानाच्या अमेरिकी निकषांतही या संवेदनांच्या वेगळेपणाला जागा मिळाली आहे.

यातलं एखादं लक्षण म्हणजे ऑटिझम नव्हे, हे मात्र ठासून सांगायला हवं. रांगा सगळीच मुलं लावतात. चवड्यांवर चालणारी, हात फडफडवणारी, लाजरी, उशिरा बोलणारी कितीतरी मुलं असतात, आणि नवीन जागी रुळायला काहींना महिने लागतात. घरी एक भाषा आणि पाळणाघरात दुसरी असेल तर मूल काही काळ गप्प राहू शकतं. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही. हाकेला न वळणाऱ्या मुलाची सगळ्यात आधी कानाची तपासणी व्हायला हवी, कारण कमी ऐकू येत असेल तरी वागणं असंच दिसतं. उशिरा बोलणारं मूल खाणाखुणा करून, ओढून, चेहऱ्याने आपलं म्हणणं पोचवतंच. ती धडपडच दिसत नसेल, आणि अशा बऱ्याच गोष्टी एकत्र, आठवड्यांमागून आठवडे दिसत असतील, तर बोलायची वेळ झाली असं समजावं. मुलींच्या बाबतीत थोडं जास्त सावध राहावं. त्या पुष्कळदा दुसऱ्या मुलींचं बघून तसंच करतात, घोळक्याच्या कडेने फिरतात, त्रास देत नाहीत, आणि त्रास न देणाऱ्या मुलाकडे लक्ष जात नाही. एका गोष्टीसाठी मात्र आठवडेही थांबू नये: बोलत असलेले शब्द किंवा अंगवळणी पडलेल्या गोष्टी मुलाच्या हातून निसटत असतील तर त्याच दिवशी पालकांना सांगावं.

आता उशिराची किंमत. अनुभवी तज्ज्ञांना दोन वर्षांच्या वयात बऱ्याच मुलांचं विश्वासार्ह निदान करता येतं. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांची ठरावीक काळाने पाहणी होते. तिच्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दर 31 मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याचं दिसतं आणि पहिल्या निदानाचं मध्यक वय 47 महिने आहे. म्हणजे जिथे तपासणीची व्यवस्था बरी आहे तिथेही निम्म्या मुलांचं निदान व्हायला जवळपास चार वर्षं लागतात. मधली दोन वर्षं यातली पुष्कळ मुलं कोणाच्या तरी नजरेसमोर, रोज, पाळणाघरात किंवा बालवाडीत असतात. मला हे फार लागतं.

याच्या विरोधातलं म्हणणं मी हलकं धरत नाही. उगाच शंका घेतली तर एका घराची झोप उडेल, हे खरं आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाने सरसकट सगळ्या लहान मुलांची ऑटिझमसाठी चाळणी करावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं होतं, आणि तेव्हा बालरोगतज्ज्ञांची संघटना दीड आणि दोन वर्षांच्या वयात प्रत्येक मुलाची चाळणी करा असं सांगतच होती. म्हणजे जाणत्यांमध्येही मतभेद होता. पण तो मतभेद ज्यांच्याबद्दल कोणालाच काही वावगं वाटलेलं नाही अशा मुलांबद्दलचा होता. जिथे रोज सांभाळणाऱ्या बाईंना काळजी वाटू लागली आहे, तिथे मूल तपासून घ्यावं की नको, हा वाद कोणी घालत नाही. खोट्या शंकेचं म्हणाल तर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम-चॅटच्या मोठ्या अभ्यासात, आधी प्रश्नावली आणि मग पालकांची मुलाखत, अशा दोन्ही टप्प्यांत लक्षणं दिसलेल्या मुलांपैकी निम्म्यापेक्षा थोड्या कमी मुलांना ऑटिझम निघाला, पण जवळपास 95 टक्के मुलांच्या वाढीत काही ना काही लक्ष देण्याजोगं सापडलं. कोणाचं भाषेचं, कोणाचं सर्वांगीण वाढीचं. ज्यांना ऑटिझम नव्हता त्यातल्या बहुतेकांचीही खेप वाया गेली नाही.

दुसरं म्हणणं, मुलावर शिक्का बसेल. शिक्के तर आधीच बसलेले असतात: हट्टी, लाडावलेला, आगाऊ, मठ्ठ, आणि त्याच्या आईवर "वळण लावलं नाही" हा. या शिक्क्यांनी मुलाला काहीच मिळत नाही. निदान झालं तर पुढे काय करायचं ते तरी कळतं, आणि अनेक आयांच्या मानेवरचं जोखड त्या दिवशी उतरतं.

पालक चिडतात, हे खरं. का चिडतात तेही समजून घ्यावं. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात ठळक जागा दिली. त्यानंतरची जवळपास दोन दशकं आईच्या थंड स्वभावाने मूल असं होतं ही समजूत भल्याभल्यांनी उचलून धरली. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, त्या समजुतीवर पद्धतशीर हल्ला केला. 1977 च्या जुळ्या मुलांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा दाखवला, आणि पुढच्या अभ्यासांनी तो फार मोठा असल्याचं पक्कं केलं. तरी तो जुना आरोप हवेतून गेलेला नाही. त्याची आजची रूपं म्हणजे "आई नोकरी करते ना" आणि "मोबाईल दिला म्हणून". लसीमुळे ऑटिझम होतो हा आरोप तर 1998 च्या ज्या शोधनिबंधावर उभा होता, तो नियतकालिकाने 2010 मध्ये मागेच घेतला. मुलाला मोबाईल कमी द्यावा, जरूर. पण मोबाईल बंद करून सहा महिने बघू आणि मग तपासू, असं करण्यात सहा महिने जातात. दोन्ही एकाच वेळी करता येतं. तर, ताईंच्या तोंडून मुलाबद्दल काही ऐकताना आईच्या कानावर आधी हा आरोप पडतो. म्हणून कसं बोलायचं याची तयारी हवी.

दारात, इतर पालकांसमोर, घाईच्या वेळी हे बोलू नये. न्यायला आलेल्या आजीला ओझरतं सांगू नये, फोनवर संदेश तर मुळीच पाठवू नये. वेळ ठरवून, बसून बोलावं, शक्यतो आई-बाबा दोघेही असताना. मत सांगू नये, पाहिलेलं सांगावं, तारखेसकट. "तो आपल्याच विश्वात असतो" हे मत झालं. "या दोन आठवड्यांत मी त्याला मागून दहा वेळा हाक मारली, एकदा वळला, खाऊचा डबा उघडल्याचा आवाज मात्र लांबूनही लगेच ऐकतो. घरी कसं होतं?" हे पाहिलेलं झालं, आणि त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुष्कळदा त्या प्रश्नावर आईच बोलू लागते, कारण टोचणी तिलाही लागलेली असते आणि विचारणारं कोणी नसतं. ऑटिझम हा शब्द ताईंनी आधी काढू नये, असं माझं मत आहे. पण आईने सरळ विचारलं, "ऑटिझम असेल का?", तर "छे छे, तसं काही नाही" म्हणून वेळ मारून नेऊ नये. "ते मला ठरवता येत नाही. हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा, माझ्या नोंदी सोबत न्या." एवढं उत्तर पुरतं आणि ते खरं असतं.

"त्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता" हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. ते वाक्य कोणी खोडू नये. तसंही असू शकतं. मग तपासणीने तेच कळेल.

बोलून झाल्यावर पाळणाघराचं काम संपत नाही, आणि निदानाची वाटही बघायची नसते. तज्ज्ञांची वेळ मिळायला महिने लागतात. ते महिने मूल याच खोलीत असतं. एका वेळी एकच सूचना, छोट्या वाक्यात. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर. खेळ थांबवायच्या आधी पाच मिनिटं सांगणं. गोंगाट असह्य झाला तर बसायला एक शांत कोपरा, शिक्षेचा नव्हे. हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" असं करू नये. त्याऐवजी आपण खाली बसावं, दुसरी गाडी घ्यावी आणि तिचंही चाक फिरवावं. मूल एकदा तरी तुमच्या चाकाकडे बघतं, कधी मग तुमच्याकडेही. हे बोलायला साधं वाटतं, पण यामागे पुरावा आहे. जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दोन ते चार वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांच्या पालकांना त्यांच्याच खेळाच्या चित्रफिती दाखवून मुलाच्या बारीकसारीक हालचालींना प्रतिसाद कसा द्यायचा हे शिकवलं होतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, सुमारे सहा वर्षांनीही त्या मुलांमध्ये लक्षणांची तीव्रता तुलनेने कमी असल्याचं आढळलं. ऑटिझम गेला नव्हता. तो जात नाही, आणि घालवण्याची भाषा करणाऱ्यांपासून पालकांनी लांब राहावं. जगाशी बोलणं मात्र सोपं झालं होतं.

हे सगळं ताईंनी करावं अशी अपेक्षा असेल तर चालकांनी त्यांच्या मागे उभं राहायला हवं. आज परिस्थिती अशी, की ताई बोलल्या आणि पालक दुखावून मूल काढून घेऊन गेले, तर बोलणी त्यांनाच बसतात. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. पुष्कळ ठिकाणी "एकदा दाखवून घ्या" हे वाक्य "दुसरीकडे सोय बघा" याची प्रस्तावना असतं. पालकांना हे माहीत असतं. म्हणून ते निदान झालं तरी लपवतात, आणि मग ताईंना अंधारात चाचपडावं लागतं. प्रवेशाच्या वेळीच दोन गोष्टी लिहून द्यायला हव्यात. एक, इथे प्रत्येक मुलाच्या वाढीची नोंद दर काही महिन्यांनी केली जाते आणि पालकांसोबत बसून वाचली जाते. सगळ्यांची होत असेल तर कोणालाच आपल्या मुलाला वेगळं काढलं असं वाटत नाही. दोन, या नोंदींमुळे कोणत्याही मुलाची जागा जाणार नाही. दुसरी हमी नसेल तर पहिलीला काही अर्थ उरत नाही. यासाठी प्रशिक्षण लागेल, आणि एका ताईंकडे किती मुलं द्यायची याला मर्यादा लागेल. वीस मुलांमागे एकच बाई असेल तर कोणतं मूल बोट करत नाही हे तिला कसं दिसणार?

एवढं करूनही काही पालक नाही म्हणतील. तो त्यांचा अधिकार आहे. त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांच्या माघारी डॉक्टरांना फोन करू नये, परवानगीशिवाय मुलाची चित्रफीत काढू नये. "ठीक आहे, दोन महिन्यांनी आपण पुन्हा बसू" म्हणून तिथेच तारीख ठरवावी, नोंदी चालू ठेवाव्यात, आणि मुलासाठी जे बदल खोलीत केले आहेत ते तसेच राहू द्यावेत. दुसऱ्या भेटीत, नाहीतर तिसऱ्या भेटीत, पालक बरेचदा स्वतःच विचारतात, "त्या नोंदी जरा दाखवता का?"